घरघर कुणाला ऐकू येते

दुरुस्तीवाल्या काकांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. त्या दिवशी टेबलावर एक जुना गिटारचा अँप्लिफायर उताणा पडला होता. "थोडा वेळ वाजवला की आवाज फाटतो, आतून जळका वास येतो," एवढं सांगून गिटार शिकवणारी बाई क्लासला पळाली होती.

काका अँप्लिफायर चालू करून, खोलीतला दिवा मालवून बघत बसले. मागच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांपैकी, एकीच्या आतला पत्रा हळूहळू लाल व्हायला लागला. त्यांनी झटकन बटण बंद केलं. अशा व्हॉल्व्हला उणे विद्युतदाबाचा लगाम लागतो, त्याला बायस म्हणतात. तो सैल पडला की व्हॉल्व्ह स्वतःलाच जाळून घेतो. काकांनी व्हॉल्व्ह गार होऊ दिले आणि अदलाबदल केली. लाली त्याच खोबणीत राहिली. म्हणजे व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष.

आतली वीज जीवघेणी, म्हणून एक हात खिशात ठेवून त्यांनी मीटर टेकवला. त्या खोबणीवर उणे दाब जेमतेम निम्मा. शेजारच्या कपॅसिटरचा एक पाय सोडवला, तर दाब जागेवर आला! त्यातूनच वीज झिरपत होती. काकांनी नवा कपॅसिटर घातला, बायस लावला आणि खुशीत हात पुसले.

तेवढ्यात बायको आत डोकावली. "अहो, ही घरघर कसली?"

"कुठली घरघर?"

"चेष्टा करताय? स्पीकरमधून येतेय की."

काकांनी कान स्पीकरला लावला. काहीच नाही. मीटर लावला, तर दोन्ही व्हॉल्व्हमधला प्रवाह वेगवेगळा होता; घरघर त्यामुळेच. जुना दोष झाकायला आधी कुणीतरी समतोलाचा स्क्रू भलताच फिरवून ठेवला होता.

"कमी झाली की सांग." काका स्क्रू फिरवू लागले.

"अजून आहे... अजून... हां, गेली!"

मीटरवर दोन्ही आकडे सारखे. काकांना मात्र आधीही शांत होतं आणि आताही शांतच. ते स्टुलावर बसले.

"तुला माहीत होतं?"

"टीव्ही केवढा मोठा लावता, ते शेजाऱ्यांनाही माहीत आहे."

"लोक माझ्या कानांवर भरवसा ठेवून येतात गं."

 ती शेजारी येऊन बसली.

गिटारवाली आली तेव्हा काकांनी घसा खाकरला. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता. हिने ऐकलंय. तरी तुम्ही स्वतः तपासूनच न्या." बोलताना त्यांची नजर टेबलावरच होती. गिटारवालीने मान तिरकी करून ऐकलं. "शांत आहे," ती म्हणाली आणि मग मनसोक्त वाजवत बसली.

पुढे काकांनी कानाला यंत्र लावलं. त्याचा आवाज फार हलक्या दर्जाचा आहे, ही त्यांची रोजची कुरकुर. दुकानातली शेवटची परीक्षा आता बायको घेते, आणि ती काकांपेक्षा कडक निघाली. गेल्या आठवड्यात तिने एक अँप्लिफायर पुन्हा उघडायला लावला.