तळोद्याचे सुपडू आप्पा

कादंबरीकारांवर फिर्याद लावायची सोय असती, तर आमचे चुलतसासरे जन्मभर धुळ्याच्या कोर्टाच्या पायरीवरच बिऱ्हाड करून राहिले असते. त्यांची तक्रार एकच होती, आणि ती ते जेवताना, चालताना, कापूस वेचणाऱ्या बायकांमागे बांधावर उभं राहूनसुद्धा सांगत. पुस्तकं लिहून पोट भरणारे हे लोक आपल्याच पुस्तकात पुस्तकवेड्या माणसाला धड जगू देत नाहीत, ही ती तक्रार. तो बिचारा किडकिडीत असायचा, त्याला खोकला असायचा, बायको त्याला विटलेली असायची आणि चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर चष्मा शोधत फिरायचा. ग्रंथालय म्हटलं की धूळ आणि कोळिष्टकं हवीतच. कपाटातलं पुस्तक काढलं की त्यातून एक तर कुणाचं प्रेमपत्र पडणार, नाही तर मृत्युपत्र. "मी अठरा वरीस व्हयनात कपाट झटकी ऱ्हायनू," ते म्हणत, "माले फक्त एक झुरळ सापडनं."

हे कपाट म्हणजे रनाळ्याचं वाचनालय. ते चावडीच्या मागच्या खोलीत होतं. मी त्या गावात मास्तर म्हणून गेलो आणि त्यांच्या पुतणीशी लग्न करून जावई झालो. सारा गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही आबाच म्हणू लागलो. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे त्यांचा सगळा संसार त्या कपाटात होता आणि उरलेला जीव कादंबरीकारांशी भांडण्यात.

कादंबऱ्या खोट्या पाडायच्या तर सुरुवात स्वतःपासून करायला हवी, असं त्यांचं मत होतं. पन्नाशीत डोळे अधू झाले तरी त्यांनी चष्मा लावला नाही. पुस्तक हातभर लांब धरून ते वाचत. पुढे हात पुरेना, तेव्हा समोर गावच्या नाभिकाला बसवलं आणि पुस्तक त्याच्या हाती दिलं. एक पान झालं की आबा मान हलवत आणि तो पान उलटी. एकदा प्रकरण असं काही रंगलं की नाभिकही ते आपल्याकडे वळवून वाचू लागला, आणि आबांना कितीतरी वेळ पुस्तकाचा पुठ्ठाच दिसत राहिला.

वाचणारी माणसं दुबळी असतात, हाही आळ त्यांना सहन होत नसे. म्हणून त्यांनी नियम केला की चावडीपुढचा दगड गुडघ्यापर्यंत उचलेल त्यालाच पुस्तक मिळेल. पोस्टमास्तर दोन महिने दगडाशी झटत होते, तेवढ्यात त्यांची बदली झाली. आबांच्या शेजारणीला, जमनाबायला, शिकलेल्या सुनेसाठी पुस्तक हवं होतं. तिनं दगड उचलायला आपला सालदार पाठवला. त्यानं तो फुलासारखा उचलला. पण नियम म्हणजे नियम, दगड ज्यानं उचलला पुस्तक त्याचं. निरक्षर सालदार कादंबरी घेऊन घरी गेला आणि आठवडाभर तिला देव्हाऱ्यात ठेवून रोज फूल वाहत होता. आबा सांगत, एवढा मान त्या कादंबरीला पुण्यातही मिळाला नसेल.

उन्हाळ्यात शेतीची कामं थांबली की भर दुपारी चावडीच्या सावलीत आबा गावाला कादंबरी ऐकवत. पुस्तकातली शुद्ध मराठी डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं अहिराणीत सांगायची, ही त्यांची हातोटी. त्या वर्षी हाती आलेल्या कादंबरीत एक ग्रंथपाल होता. पुस्तकात त्याला नावसुद्धा नव्हतं. आबांनी त्याचं नाव सुपडू आप्पा ठेवलं आणि शहर गावाला परकं वाटेल म्हणून त्याला तळोद्यात नेऊन बसवलं. पुस्तकातला हा माणूस मधल्याच एका प्रकरणात मरतो. आबांनी ते प्रकरण गिळलं. आता माणूस जिवंत म्हटल्यावर त्याला काही उद्योग हवा. मग सुपडू आप्पांनी नायिकेचं लग्न जमवलं, चोर पकडले, भावाभावांतली भांडणं मिटवली आणि एका गोऱ्या साहेबाला तापी पोहून दाखवली. मूळ गोष्ट आठ दिवसांत संपली असती, ती दोन महिने चालली. गावात कुठं काही अडलं की लोक म्हणू लागले, सुपडू आप्पा असते तर निवाडा केला असता.

आणि नेमकं अडलं. पाटलांना गुरांच्या खाण्याची सरकी ठेवायला चावडीची मागची खोली हवी होती. कपाट कुठं न्यायचं, तर कुठंच नाही, पुस्तकं तालुक्याला पाठवून टाकायची. आबांचं जेवण तुटलं. बैठक बसली, दोन तट पडले, आणि कुणीतरी तोडगा काढला की तळोद्याहून सुपडू आप्पांना आणू, ते म्हणतील ते खरं. आबा एकदम उठले, पुन्हा बसले. त्यांनी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण स्वतःचाच माणूस, तो कपाटाच्या बाजूनं बोलणार, या भरवशावर बहुधा त्यांची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी बैलगाडी नावेतून तापीपार गेली.

चौथ्या दिवशी गाडी परत आली ती सुपडू आप्पांना घेऊन. तळोद्यात गाडीवानाला चार सुपडू भेटले होते. त्यातला जो वयस्कर, रुबाबदार आणि रिकामा होता, तो त्यानं आणला. हे आप्पा म्हशी पाळणारे. एवढा हार-तुरा का, हे त्यांना कळलं नाही, पण माणूस भिडस्त, नको म्हणवेना. पाटलांनी वाद मांडला. आप्पांनी नीट विचार केला आणि निवाडा दिला, "सरकी वल्ली व्हयनी तर म्हैसनं दूध जास. पुस्तक वल्लं व्हयनं तर काय जास?"

गावानं माना डोलावल्या. निकाल लागल्यातच जमा होता. तेव्हा आबा उभे राहिले.

"हाऊ तो नई शे," ते म्हणाले. "तो कोठेच नई शे. पुस्तकमा तो मरी जायेल शे. मीच त्याले जित्ता ठेवेल व्हता."

पाटील म्हणाले, मेला कसा ते तरी ऐकू द्या. आबांना वाचवेना, म्हणून पुस्तक माझ्या हाती आलं. मी ते प्रकरण वाचलं आणि आबांसारखं येत नव्हतं तरी अहिराणीत सांगितलं. म्हातारा ग्रंथपाल पुस्तकं लावता लावता खुर्चीतच जातो, तिसऱ्या दिवशी शिपायाला सापडतो. शेवटचं वाक्य होतं की त्याच्यामागे रडणारं कुणी नव्हतं. तोवर जमनाबायनं डोळ्यांना पदर लावला होता. म्हशीवाले आप्पाही नाक पुसत होते. मग पाटील म्हणाले, सरकी माझ्या गोठ्यात राहील, कपाट हलवू नका. मला तर ओरडून नाचावंसं वाटलं, पण सगळी चावडी खाली मान घालून बसली होती.

त्या संध्याकाळी मी आबांकडेच होतो. ते चूल पेटवायला बसले, तोच जमनाबाय पिठलं-भाकरी घेऊन दारात उभी राहिली. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी न्यावी तशी, झाकून. आबा म्हणाले, अगं, तो कागदावरचा माणूस.

"तुमना घरना माणूस गया ना," ती म्हणाली, "आज चुल्हा पेटाडानं नई."

तिच्यामागून पाटलांच्या घरून ताट आलं, मग नाभिकाकडून, मग सालदाराची बायको आली. ओसरीवर सात घरची भाकरी जमली. आबांनी पहिला घास हातात धरला आणि तो तसाच धरून ते म्हणाले, "जवाईबापू, त्याना मांगे कोणी नई व्हतं, असं लिखेल शे ना? ते खोटं शे."

मग ते जेवले. जेवता जेवता दोनदा त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, एकदा मी पुसले. पिठलं जरा तिखट झालं होतं, असं आम्ही दोघांनीही मानून घेतलं.