फोटोत मी नव्हते

"बेन को फोटो में मत लेना. गरीब लगती है. ये फोटो परदेसवाले देखेंगे."

डॉक्टर हे मला बोलला नाही. फोटोवाल्याला बोलला. मी तिथेच उभी होते.

नवऱ्याच्या पायांना फळ्या बांधल्या होत्या, त्यावरून नवी पँट चढवली होती. त्याला पडद्यापुढे उभं केलं आणि मला मागे बसवलं. पडद्याच्या फटीतून हात घालून, शर्टाच्या आतून मी त्याची कंबर धरली. त्याचा सगळा भार माझ्या हातांवर. फोटोवाला म्हणत होता, हसा. माझा नवरा हसला. मला त्याचं हसणं दिसलं नाही, पोट हललेलं हाताला कळलं.

आम्ही खान्देशातले. सुरतेला भेस्तानात खोली. तो कतारगामच्या लूम कारखान्यात कामाला. सुताचा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला जड लोखंडी रूळ, खांद्यावर घेऊन जिना चढताना पाय सटकला आणि बीम पाठीवर आला. मणका तुटला. सरकारी दवाखान्यात स्पष्ट सांगितलं, कमरेखाली आता काही होणार नाही. मी ते ऐकलंच नाही. कोण ऐकेल? त्याचं वय बत्तीस होतं.

मग कुणीतरी या क्लिनिकचं नाव सांगितलं. काचेचं दार, आत थंडगार. टेबलावर कॉम्प्युटर. आमच्यासारख्यांना तेव्हा इंटरनेट नवीनच होतं. डॉक्टरने पडद्यावर चित्रं दाखवली. मूळ पेशी मणक्यात टोचल्या की तुटलेली नस पुन्हा उगवते, म्हणाला. मी हात जोडले.

पहिल्या इंजेक्शनने काही झालं नाही. दुसऱ्यानंतर त्याला आठ दिवस ताप. डॉक्टर म्हणाला, ताप म्हणजे पेशी कामाला लागल्या. रोज सकाळी मी त्याच्या मांडीला चिमटा काढायचे. आधी हळू. मग रक्त येईपर्यंत. तो छताकडे बघत विचारायचा, काढला का?

तिसऱ्याला आमच्याकडे काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला, फोटो द्या, इंजेक्शन फुकट देतो. मी हो म्हटलं. मीच. त्याला विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्यानेही काही झालं नाही. पुढच्या फेरीला निरोप आला, आता चालतानाचा फोटो पाहिजे.

आम्ही क्लिनिकात डॉक्टरच्या खोलीबाहेर बसलो होतो. तो त्यांच्या चाकाच्या खुर्चीत, मी बाकावर. शेजारी एक माणूस येऊन बसला, अमरावतीकडचा, एसटीत कंडक्टर. मांडीवर आठ-नऊ वर्षांची मुलगी. जन्मापासून चालली नव्हती. तिच्या पायात नवे सँडल, तळ कोरेच. आमचं मराठी ऐकून तो बोलायला लागला. भाच्याने पुण्यात कॉम्प्युटरवरून काढून दिलेला कागद त्याने उघडला आणि माझ्या नवऱ्यापुढे धरला.

"हे पाहा दादा. हा माणूस उभा झाला. तुम्हीबी व्हाल."

फोटो माझ्या नवऱ्याचा होता. नाव दुसरंच. त्या माणसाने ओळखलं नाही. ओळखणार कसा? ताप आणि पडून पडून पाठीला झालेल्या जखमांनी चेहरा पार सुकून गेला होता.

माझ्या नवऱ्याने कागद पाहिला. मग मला आमच्या अहिराणीत म्हणाला, "आते माले उभं करू नको. मी उभा नही शे."

तेवढ्यात नर्स फोटोसाठी तीच नवी पँट घेऊन आली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि जमिनीवर टाकली. कंडक्टरला सांगितलं, "दादा, फोटोतला माणूस हाच आहे. पडद्यामागे मी होते. मी धरलं होतं."

डॉक्टर बाहेर आला. आवाज न चढवता म्हणाला, "बेन, इलाज बंद. बाहर."

मी कंडक्टरकडे बघत होते. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. म्हणाला, "माझी पोरगी लहान आहे ताई. तिचं वेगळं असंल." आणि तिला उचलून आत गेला.

मला त्याचा राग आला नाही. सहा महिन्यांपूर्वी मीही आतच गेले असते.

पाठीच्या जखमा चिघळून माझा नवरा त्या उन्हाळ्यात गेला. नंतर एका ओळखीच्या पोराला मी कॉम्प्युटरवर त्या क्लिनिकचं पान बघायला लावलं. फोटो तसाच होता. खाली लिहिलं होतं, आता स्वतः चालतो.

सोमवारी नवे पेशंट येतात. सोमवारी मी साड्यांच्या घडीचं काम सोडून क्लिनिकच्या त्या काचेच्या दारासमोर उभी राहते. रिक्षातून कुणाला उचलून उतरवताना दिसलं की जाऊन सांगते, काय झालं, कसं झालं, मी काय केलं ते. वॉचमन ढकलतो. लोक वेडी म्हणतात. बहुतेक आत जातात. जाऊ देत. पण 'आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं' असं त्यांच्यातल्या एकालाही मी म्हणू देणार नाही.