अण्णांची सनई आणि गेमचा डबा

आमच्या घरची परिस्थिती सुधारायच्या आधी आणखी बिघडली, आणि ती बिघडल्याचं आईला कळलं ते कानांनी.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा सनई वाजवायचे. खडकवासल्याच्या रस्त्याला आमचं गाव. आता ते शहरात गेलंय, तेव्हा गावच होतं. लग्नाच्या दिवशी अण्णा अंधारात सायकल काढायचे आणि कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात जायचे. तिथे दाराशेजारी उंच ओटा होता. त्यावर अण्णा, मागे सूर धरणारे चुलते आणि चौघडेवाला बसायचे. सगळ्या पंगती उठल्या की मागच्या जिन्यापाशी त्यांना पान वाढायचे. लग्नसराई संपली की घरात भाकरी आणि ठेचा, तोही पुरवून पुरवून. आई त्याच कार्यालयात आचाऱ्याच्या हाताखाली पुऱ्या लाटायला जायची. मी लहान होते, तिच्या पदराला धरून मीही.

एका वर्षी कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी ओट्यावर टेपरेकॉर्डर आणून ठेवला. म्हणाले, "वाजवा, आठवण राहील." अण्णांनी सकाळच्या धुनेपासून पाठवणीपर्यंत सगळं मन लावून वाजवलं. अशी दोन-तीन लग्नं भरून घेतली. अण्णा घरी येऊन सांगायचे, "माझी सनई भरून घेत्यात." आम्हाला केवढं कौतुक!

पुढच्या लग्नसराईत अण्णांना बोलावणं आलं नाही. आईला मात्र आलं. ती पुऱ्या लाटत होती आणि बाहेर सनई सुरू झाली. आई हसली. आचाऱ्याला म्हणाली, "बघा, आमचे हे मला न सांगताच आले." पिठाच्या हातानेच ती बाहेर गेली, तिच्यामागे मी. ओटा रिकामा होता. खांबाला स्पीकर टांगला होता आणि त्यातून अण्णा वाजत होते.

आई तशीच मागे फिरली. परत आत येऊन राहिलेला घाणा लाटून संपवला, मुहूर्ताला तेवढी मांडवात डोकावली. संध्याकाळी अण्णांना सांगितलं. अण्णांनी विचारलं, "अंतरपाट पडला तवा बरोबर लागली का?" आई म्हणाली, "न्हाय. हार घालून झाले तरी नुसतं खरखरत होतं." अण्णा म्हणाले, "लागंल कशी? डबा मांडवाकडं बघत न्हाय." त्यानंतर ते मंडईत पाट्या वाहायला लागले. त्या पाट्यांवर मी शाळा शिकले, कॉलेज शिकले, बी. कॉम. झाले. पदवीचा कागद हातात घेणारी आमच्या घराण्यातली पहिली मी. हे मी जरा मोठ्यांदाच सांगते. ज्यांच्या घरात असे कागद पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर आहेत त्यांनी हळू सांगावं.

आता मी कोथरूडलाच राहते. अण्णांना दम लागतो. इतकी वर्षं फुंकलं, वर ओझी वाहिली, छाती कुठवर साथ देणार? सनई वाजवणं डॉक्टरांनी केव्हाच बंद केलं. उपचारासाठी ते आणि आई आमच्याकडे राहायला आले, आणि त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

धाकटी माझ्याहून बरीच लहान. तिने अण्णांना ओट्यावर कधी पाहिलेलंच नाही. ती म्हणाली, "मला डीजे नको, बँड नको. माझं लग्न अण्णांच्या सनईवर लागायला पाहिजे."

अण्णा म्हणाले, "माझ्यात फुंकर राहिली न्हाय बाय. दुसरा कुणी वाजवणारा आण, मी त्याच्या पाया पडंन."

"दुसरा नको."

"मग डबा लावणार? त्या डब्यानं माझं पान उचललं. पोरीच्या मांडवात डबा वाजला तर मी बाहेर रस्त्यावर बसंन."

दोघंही हट्टी. आई मला म्हणाली, "एक मुलगी, एक बाप, दोघंबी एकाच मुशीतले. तू शिकलेली, तूच काढ काहीतरी मार्ग." आमच्याकडे कुठलंही कुलूप अडकलं की किल्ली माझ्या पदवीत असते अशी आईची समजूत आहे.

मार्ग निघाला तो अचानक. ते मंगल कार्यालय पाडून तिथे इमारत होणार होती. व्यवस्थापक आता खूप म्हातारे झालेत, पण कुठून तरी माझा नंबर मिळवून त्यांनी फोन केला. "तुमच्या वडिलांच्या सनईच्या कॅसेटी आहेत. नेणार असाल तर न्या, नाहीतर भंगारवाला उभाच आहे." मी म्हटलं, "येते." तर म्हणाले, "आणि पिशवी घेऊन या. कॅसेटी फुकट आहेत, पिशवी नाही."

मी गेले. त्यांनी कॅसेटी फडक्याने पुसून ठेवल्या होत्या. देताना म्हणाले, "वाजवायचे फार छान हो." मला खूप बोलायचं होतं, लहानपणापासून साठलेलं. पण त्या पुसलेल्या कॅसेटी बघून मी फक्त "आभारी आहे" म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. त्या माणसाने आमच्या तोंडचा घास काढला हे खरं, आणि अण्णांची सनई आज जगात आहे ती त्याच्यामुळे, हेही खरंच.

तपकीर गल्लीतल्या एका दुकानात कॅसेटींवरचं सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन मिळालं. पण एका कॅसेटची एक बाजू म्हणजे एक लांबलचक फाइल. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन बसायचं, कानाला हेडफोन, आणि एकेक धून कापून वेगळी करायची. मधेच कोणी ओरडायचं, "मठ्ठा, मठ्ठा इकडे!" कुणाचं तरी बाळ रडायचं. एका ठिकाणी तर सूर लागलेला आणि शेजारी एक बाई स्वच्छ पुणेरी आवाजात सांगतेय, "जिलबी बरी आहे, मागच्या वेळेपेक्षा." ते काही मी कापलं नाही.

वाजवायचं कशावर? फोनवर अण्णांचं बोट चालत नाही. पाट्या वाहून बोटांची टोकं इतकी निबर झालीत की काचेला ती बोटं वाटतच नाहीत. शिवाय ऐन वेळी कुणाचा फोन आला म्हणजे झालंच. नवऱ्याने हौसेने घेतलेला गेमचा कन्सोल टीव्हीखाली होता, त्याला चांगले स्पीकर जोडलेले होते. नवरा म्हणाला, "यात पेन ड्राइव्ह घातला की गाणी वाजतात. आणि याचा रिमोट बघ, खरी बटणं आहेत, दाबली की कळतात."

मी फायलींना मराठीत सुंदर नावं दिली. कन्सोलने सगळीकडे नुसते चौकोन दाखवले. बरं, इंग्रजी अक्षरांत दिली. एका रविवारी सकाळी अण्णा आतल्या खोलीत पडून होते, आई भाजी निवडत होती, आणि मी हलक्या आवाजात सुरू केलं. म्हटलं, ऐकतील तर ऐकतील.

कन्सोल बापडा इंग्रजी आद्याक्षरांप्रमाणे वाजवणार. आधी अंतरपाटाची लागली, मग जेवणाची, मग पाठवणीची. आईचा हात भाजीत थांबला. आतून काही आवाज नाही. मग सकाळची, पुण्याहवाचनाच्या वेळची धून सुरू झाली, आणि आतून अण्णा गरजले.

"आधी लगीन लावलंस, मग पंगत उठवलीस, पोरगी सासरी धाडलीस, आन आता उजाडलं व्हय गं तुझं?"

अण्णा दाराशी उभे. दम लागलेला, पण डोळे मोठे. आई म्हणाली, "अवो, बसा आधी." ते टीव्हीसमोर बसले आणि मला म्हणाले, "असं कुठं लगीन असतंय? आधी सकाळची लाव."

मी रागावून घ्यायला इतक्या आनंदाने कधी बसले नव्हते. अण्णा पहिल्यापासून सगळं ऐकत होते! डब्यावरचा राग त्यांना आवरला असता, पण उलट्या क्रमाचं लग्न काही त्यांच्याने ऐकवलं नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून तो संग्रह लावला. मी नावांच्या आधी आकडे टाकले, तर कन्सोल एकानंतर थेट दहावर गेला. अण्णा म्हणाले, "मधले वऱ्हाडी कुठं उतरले?" एकाच्या आधी शून्य लावायचं हे मला ठाऊक होतं, मी लावलं, सगळे ओळीत आले. अण्णांनी मान डोलवली. "हे तुला कॉलेजात शिकवलं?" मी म्हटलं, "हो." कॉलेजात ते शिकवलं नव्हतं, पण अण्णांनी वाहिलेल्या पाट्यांचा हिशोब कुठेतरी लागायला नको का?

फोल्डरांची नावं मात्र त्यांची. रागांची नावं मी टाकायला गेले तर म्हणाले, "राग मला म्हाईत हायत, पन मांडवात राग कोन मागतंय? काम लिही." म्हणून आमच्या पेन ड्राइव्हवर असे कप्पे आहेत: सकाळची, गौरीहराची, भटजी उशिरा आले तर, अंतरपाट, पंगतीची, पाठवणी. आणि एक कप्पा 'रुसवा'. मी विचारलं, "हे काय?"

"वरमाय रुसली की ही वाजवायची. लई गोड हाय. निम्मा रुसवा ऐकूनच उतरतो."

आई तिकडून म्हणाली, "घरात कधी वाजवली न्हाईत ती."

"तू रुसलीस तवा मी दम टाकायला बी घाबरायचो, सनई कशी फुंकू?"

अण्णा असं बोलत होते! पाट्या वाहायला लागल्यापासून आमच्या घरात सनईचा विषय निघत नव्हता, आणि आता निघाला तर दुपारभर थांबत नव्हता.

रिमोट हातात दिला तेव्हा त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि दोन्ही अंगठे बटणांवर ठेवले. मग म्हणाले, "म्हंजे मांडवाकडं मी बघायचं, आन डब्यानं माझ्याकडं?"

"हो अण्णा. तुम्ही दाबल्याशिवाय तो काहीच वाजवणार नाही."

"मग सराव पायजे."

सराव म्हणजे कसला! आईने आणि मी एक चादर ताणून धरायची, एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला नवरदेव म्हणून माझा नवरा, कपाळाला आठ्या घालून. "सावधान" म्हणून चादर खाली टाकायची आणि अण्णांनी बटण दाबायचं. चादर पडली, बटण दाबलं, आणि क्षणभर काहीच नाही. मग सनई.

"उशीर," अण्णा म्हणाले.

पुन्हा. "उशीर."

"अण्णा, एवढंसं तर आहे," धाकटी म्हणाली.

"एवढंसंच असतंय ते. तेवढ्यात पोरगी मान वर करून बघती. तवा सनई पायजे. नंतर लागली तर ती नुसती सनई."

फाइलच्या सुरुवातीला कॅसेटची थोडी खरखर राहिली होती. मी ती कापली. पुन्हा चादर. "उशीर, पन कमी." आणखी कापली, अगदी पहिल्या फुंकरीच्या तोंडापर्यंत. आईचे हात दुखायला लागले. "अवो, खरं लगीन लागंल तवर ही चादर फाटंल!" पुन्हा टाकली. या वेळी चादर आणि सनई एकत्रच सुटली.

 अण्णांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि धाकटीला म्हणाले, "हाय मी मांडवात."

लग्न आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये होतं. नवऱ्याने कन्सोल पिशवीत घालून नेला आणि हॉलच्या स्पीकरना जोडला. सकाळपासून अण्णा मांडवाच्या कडेला खुर्चीत, फेटा बांधून, हातात रिमोट. भटजी खरोखरच उशिरा आले आणि त्यांची धून खरोखरच वाजली. वरपक्षाचे एक काका जवळ येऊन म्हणाले, "काय व्याही, मुलीच्या लग्नात गेम?"

"व्हय," अण्णा म्हणाले, "बाजूला सरा, मांडव दिसंना."

ते सरले. मंगलाष्टका सुरू झाल्या. त्या वेळी वाजंत्र्याने गप्प बसायचं असतं, आणि अण्णा गप्प बसले होते. श्वाससुद्धा धरून, छातीला परवडत नसताना. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी अण्णांच्या अंगठ्याकडे बघत होते. अण्णा धाकटीकडे बघत होते.

अंतरपाट खाली आला. धाकटीने मान वर केली आणि सनई लागली. त्याच क्षणी, आधी नाही, नंतर नाही. माझ्या बहिणीचं लग्न आमच्या वडिलांच्या सनईवर लागलं, आणि ती वाजवली आमच्या वडिलांनीच.