सर्व्हरचं बारसं

उत्कर्षा कळंबची. आमच्या दूध पावडरीच्या प्लँटमध्ये कंट्रोल रूमला ऑपरेटर. सहा वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर. मी तिथंच फिटर होतो, रिटायर होऊन दोन वर्षं झाली. प्लँट बारामती-इंदापूर रस्त्याला आहे. नाव सांगत नाही, कारण बाकीचे अजून तिथंच कामाला आहेत.

तिच्याबद्दल सांगायचं तर एवढंच, की ती बघून येते. स्क्रीनवर दुधाच्या टाकीचं तापमान चार अंश दिसत असलं तरी पाळीत दोनदा जिना उतरते आणि टाकीवरचा काटा बघते. एकतीस पायऱ्या. दुसरे ऑपरेटर खुर्चीतून म्हणायचे, "अगं, काटा तरी वेगळं काय सांगणार?" ती म्हणायची, "तेच विचारून आले." मागच्या उन्हाळ्यात एकदा काट्याने वेगळं सांगितलं. दहा हजार लिटर दूध नासता नासता वाचलं. त्याचं प्रमाणपत्र मॅनेजर विजयसिंह साहेबांना मिळालं. ते जिना उतरले नव्हते.

आता सर्व्हर. हा एक कॉम्प्युटर. कंट्रोल रूमच्या पलीकडे, काचेच्या खोलीत, एकटाच एसी खात असतो. प्लँटमधलं प्रत्येक तापमान आणि प्रत्येक दाब टिपून ठेवणारं सॉफ्टवेअर त्यात चालतं. ते चालू आहे का बंद, हे कंट्रोल रूममधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर दिसतं. त्याला कन्सोल म्हणतात. त्यावर हजेरीपटासारखी यादी असते. नाव हिरवं असलं तर गडी कामावर. लाल असलं तर बंद पडलाय.

खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा होते. आमच्या प्लँटची जादा रीत अशी, की मोठ्या मशिनीला नावही असतं. बॉयलरचं नाव ज्वाला. पाण्याच्या पंपाचं नाव नीरा. पेंटर येऊन फुलाफुलांत लिहून जातो. या वर्षी पूजेला संचालक जोतीरामआबा होते, नरसिंहपूरचे. काचेच्या खोलीत आल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याचं नाव काय हाय?"

कुणीतरी नंबर सांगितला.

"नंबर कैद्याला असतोय. एवढी किमती मशीन अन् बिननावाची? हितंच बारसं करा."

विजयसिंह साहेबांनी लगेच घुगऱ्या मागवल्या. आबा वाकले, कॉम्प्युटरच्या पंख्याच्या जाळीला तोंड लावलं, 'कुर्र' केलं आणि 'नरसिंह' म्हणाले. टाळ्या पडल्या. पुण्याचे सॉफ्टवेअर इंजिनिअर आनंद सर पूजेला आले होते. ते म्हणाले, "आबा, नुसती पाटी कशाला? मी आतसुद्धा हेच नाव घालतो." खुर्ची ओढली, अर्धं मिनिट बटणं दाबली. आबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. तीन आठवडे सगळं नीट चाललं.

मग महिन्याचा पहिला सोमवार आला. त्या दिवशी सकाळी दहाला सर्व्हर एकदा बंद करून परत चालू करायचा, असा साहेबांचाच लेखी आदेश भिंतीवर आहे. उत्कर्षाने तो पाळला आणि रजिस्टरला सही केली. पाच मिनिटांनी कन्सोलवर बघितलं तर यादीत सर्व्हरचं सॉफ्टवेअर नाही. लाल नाही, हिरवं नाही. ओळच नाही.

मी त्या दिवशी रोजंदारीवर पंपाची गळती काढायला गेलो होतो. नोंदी दिसल्याशिवाय पंप चालवून बघता येईना, म्हणून कंट्रोल रूममध्ये स्टुलावर बसून राहिलो. त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

साहेब आले. पहिला प्रश्न, "हात कुणी लावला?" रजिस्टर उघडलं. सही एकच.

"तू आता कशाला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. अर्ध्या तासात पत्र टाईप होऊन टेबलावर आलं. ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे सॉफ्टवेअर नाहीसं झालं, चार वाजेपर्यंत न मिळाल्यास तिला ठेकेदाराकडे परत पाठवावं. जानेवारीत कायम करायच्या लोकांची यादी लागणार होती. सहा वर्षांनी पहिल्यांदा तिचं नाव त्यात होतं. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि जिथं होतं तिथं ठेवलं.

मग कामाला सुरुवात झाली, म्हणजे लोक जमले. आनंद सर पुण्याहून फोनवर आणि तिथूनच कन्सोलच्या स्क्रीनवर. कन्सोल चार वेळा बंद-चालू झाला. कन्सोलचं सॉफ्टवेअर काढून परत घातलं. केबिनमध्ये दोन मीटिंगा, तीन चहा. आबांचा फोन आला, "नारळ नीट फुटला हुता न्हवं?" सात माणसं, साडेचार तास. काचेची खोली बावीस पावलांवर. तिथं एकही माणूस गेला नाही.

अडीच वाजता आनंद सरांनी निदान केलं. "सर्व्हरवरचं सॉफ्टवेअरच उडालंय. सगळं पुसून नवीन टाकावं लागेल. जुन्या नोंदी मिळणार नाहीत."

साहेब म्हणाले, "टाका."

उत्कर्षा उठली. "साहेब, पुसायच्या आधी बघून येऊ का?"

"काय बघणार? यादीत न्हाय म्हणजे न्हाय."

"यादीत नाही ते सगळ्यांनी बघितलं. मी खोलीत बघते. मनाई असेल तर तेवढी लिहून द्या."

लिहून द्यायचं म्हटल्यावर साहेबांनी हातानंच 'जा' म्हटलं. ती गेली. मी मागोमाग गेलो, माझा पंप अडला होता.

खोलीत सर्व्हरचे दिवे चालू होते. तिनं त्याचा स्वतःचा स्क्रीन लावला. आकडे पळत होते. "तात्या, हे तर चालू हाय. खाली जाऊन टाकीचा काटा सांगता का?" मी उतरलो. चार अंश, वर अर्धा. फोनवर सांगितलं. तिच्या समोरही तेच. म्हणजे सॉफ्टवेअर सकाळपासून टिपत होतं.

"मग कन्सोल बघतोय कुठं?" ती म्हणाली.

परत येऊन तिनं कन्सोलवरून सर्व्हरला नेटवर्कवरच्या पत्त्याने, म्हणजे आयपीने, हाक मारली. उत्तर आलं. नेहमीच्या नावाने मारली. उत्तर नाही. दोन मिनिटांचं काम. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"सर, कन्सोल ह्या मशिनीला कोणत्या नावानं शोधतोय?"

"जुन्याच, त्या नंबराच्या. नाव काय बदलतंय का?"

"मशीन स्वतःचं नाव नरसिंह सांगतीय."

घुगऱ्या सगळ्यांना आठवत होत्या, पण नाव कुणाच्याच लक्षात नव्हतं.

"पूजेला तुम्हीच घातलं होतं ना, सर?"

"हो, पण... त्यानंतर तीन आठवडे चाललं की!"

"नाव रीस्टार्ट केल्यावर लागतं. तुम्ही 'नंतर' दाबलं असणार, प्लँट चालू होता. ते 'नंतर' आज झालं."

तिनं कन्सोलमध्ये नवीन नाव भरलं. तीन वाजून वीस मिनिटांनी ओळ आली, हिरवी. दहापासूनची एकही नोंद गेली नव्हती.

आनंद सर म्हणाले, जुनं नाव परत देऊ, म्हणजे पुढं घोटाळा नको. साहेबांनी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "बारसं झाल्याव नाव माघारी घेत्यात व्हय रं?" नाव राहिलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर साहेबांनी टाकलं, आनंद सरांच्या मार्गदर्शनाखाली दोष दूर. बारा जणांनी हात जोडले.

पावणेचारला साहेब पत्र खणात टाकायला लागले. "जाऊ दे गं. विषय संपला."

"नाही संपला. त्यावर जावक नंबर पडलाय."

"मी ते तुला दिलंच न्हाय."

"मला नाही दिलं, पण नोंद झाली, आता फाइलला जाणारच. जानेवारीत छाननीला निघंल. त्यावरच लिहा, रद्द म्हणून. अन् कारण."

"कारण काय लिवू? आबांनी बारसं घातलं म्हणून?"

"काय झालं ते लिहा. आबांचं नाव नको असेल तर नका घालू."

साहेब वीस मिनिटं पेन धरून बसले. 'तांत्रिक कारणास्तव रद्द.' तिनं वाचलं, कागद परत पुढं सरकवला. "ऑपरेटरचा दोष नाही, हे राहिलं."

"लई चिकट बाई हायेस."

"तुमचीच सही लागणार, साहेब."

त्यांनी ओळ लिहिली. सही केली. तारीख विसरले, ती तिनं घालून घेतली. त्या दिवशी साहेबांच्या हातून झालेलं काम म्हणजे ह्या दोन ओळी, त्याही तिनं करून घेतलेल्या.

छाननीच्या दिवशी तो कागद फाइलमधून निघालाच. समितीतल्या एकाने वरचा मजकूर मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. ते पुढच्या फाइलकडे वळले, आणि तिचं नाव यादीत राहिलं.