समोरच्या काकांचं मार्जिन

भीती या विषयात आमच्या समोरच्या काकांचा हात धरील असा माणूस मुकुंदवाडीत तरी अजून जन्माला यायचाय. काका कुत्र्याला भीत, पोस्टमनला भीत, बारशाचं आमंत्रण आलं तरी पाकीट आधी उजेडाला धरून बघत. पण हे सगळं किरकोळ. त्यांची मुख्य भीती एकच, अतिक्रमणवाल्यांची गाडी.

त्याचं झालं असं, काकूंचे पाय गेले. आतली खोली अंधारी, तिथं त्यांचा जीव घाबरायचा. सोयगावला दिलेली लेक येऊन बघून गेली आणि जाता जाता निक्षून म्हणाली, "बाबा, आईला उजेडाची खोली करा, नायतर मी तिला घेऊन चालले." झालं! काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंशिवाय या माणसाला चहासुद्धा गिळत नाही. त्यांनी तडकाफडकी घरापुढच्या अंगणात पत्र्याची खोली उभी केली. आता हे अंगण म्हणजे नियमानं मोकळं सोडायचं समोरचं मार्जिन! म्हणून काकांनी डोकं चालवलं आणि पुढचे सगळे पत्रे नट-बोल्टवर बसवले. "गाडी दिसली की पत्रे खाली. मग ती खोली नाय, अंगण झालं. अंगणात खाट टाकायला परवानगी लागती व्हय?" उजेडाला छतात एक प्लॅस्टिकचा पत्रा घातला. खिडकी का नाही, असं मी विचारलं, तर माझ्यावरच उखडले. "येडा का काय तू! खिडकी दिसली की कुणीबी खोलीच म्हणंल."

एक पाना त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. कोपऱ्यावर काही घरघरलं की काका ओरडत, "गाडी आली!" आणि मी हातातला घास टाकून पळायचो. डासांच्या धुराची गाडी आली, आम्ही पत्रे काढले. पाण्याचा टँकर आला, पत्रे काढले. एकदा छावणीतून लग्नाचं सामान घेऊन मंडपवाला आला, तर त्याच्याही टेम्पोपुढं आम्ही घामाघूम होऊन पत्रे उतरवत होतो. तो बिचारा खाली उतरून म्हणाला, "चचा, खोलना है तो बोलो ना, अपना तो रोज का काम है." आणि लागलाच की मदतीला! काकू मात्र खाटेवर उशीला टेकून शांत बसलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या, कुणाची सून, कुणाचं बाळ, सगळी चौकशी. बाईला भीतीच नाही, असं मला वाटायचं. काकांची बोटं मात्र बोल्टवर थरथरायची. खोली गेली की काकू सोयगावला जाणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आणि मग नियमच बदलला. छोट्या प्लॉटांना समोरचं मार्जिन कमी झालं आणि काकांची खोली नियमात बसली. त्यांचा विश्वास बसेना. टेप धरून धरून माझे गुडघे दुखले. रीतसर नकाशा पास झाला तेव्हा कुठं काकांनी विटा टाकल्या, गवंडी बोलावला.

काकूंनी आतून विचारलं, "भिंत झाल्यावर पत्रे कवा निघायचे?"

"आता कशाला निघतील? गाडीचं भ्याव संपलं!" काका छाती काढून म्हणाले.

काकूंचं तोंड एवढंसं झालं. "मग मला रस्ता कवा दिसायचा?"

"मोठी खिडकी ठेवतो की."

"खिडकीतून अर्धी माणसं दिसत्यात. तुमची गाडी आली की मला सगळी दिसायची."

काका विटांवर मटकन बसले. अहो, आमचा जीव जात होता तेव्हा ही बाई जत्रा बघत होती! गवंडी चहा पिऊन परत गेला.

खोली अजून पत्र्याचीच आहे. संध्याकाळी रस्ता रिकामा असताना काका मध्येच ओरडतात, "गाडी आली!" मी पाना घेऊन पळतो. काकू लगबगीनं पदर सावरतात, केसांवरून हात फिरवतात.

काकांची बोटं मात्र अजून तशीच थरथरतात. परवा मी चिडूनच विचारलं, "काका, सगळं कायद्यात बसलं. आता कशाला भिता?"

त्यांनी खाटेकडं पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "मी गाडी आली म्हणून वरडलो, अन् एखाद्या दिवशी हिनं पदरच नाय सावरला तर रं?"

मी पुढचा बोल्ट सोडवायला घेतला.