चाचांची लवंग

गिऱ्हाइकाच्या अंगणात पाऊल ठेवण्याआधी चाचा तोंडात एक लवंग टाकत. ती असेपर्यंत 'राम राम' आणि चहाला होकाराचं 'हाव' याखेरीज शब्द नाही. ठिबक सिंचनाचे संच विकायला आम्हाला शिकवणं हेच त्यांचं काम, आणि ऐन वेळी तेच गप्प! नव्या माणसाला वाटे, यांची दाढ दुखते.

कंपनीचं प्रशिक्षण म्हणजे वर्षातून एकदा हॉटेलचा हॉल, पडद्यावर वर-खाली जाणारे बाण आणि दुपारी गुलाबजाम. चाचा त्याला 'बारसं' म्हणत. "नाव ठेवलं, घुगऱ्या खाल्ल्या. आता लेकराले चालायले कोण शिकवन?" चालायला तेच शिकवत. आठवडाभर एकालाच सोबत घेत, आणि त्या आठवड्यात त्याची एकच खोड काढत. मी सुधारायच्या गोष्टींची यादी करून नेली, तेव्हा हसले. "भाकर एका टायमाले एकाच बाजूनं भाजते, बेटा."

शनिवारी मलकापूरच्या ऑफिसात ते स्वतः गिऱ्हाईक होत. खुर्चीवर पाय वर घेऊन बसत आणि खेकसत, "काऊन घेऊ बे तुही नळी?" खऱ्या शेतकऱ्यापेक्षा या खोट्याची आम्हाला जास्त धास्ती.

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती आणि घरात पगार तेवढा माझाच होता. साहेबांनी बजावलं होतं, या महिन्यात संच विकला नाही तर काम बंद. महिना सरत आला होता. चाचा आणि मी सोनाळ्याहून खाली खारपाणपट्ट्यात उतरलो, तिथे दादाराव नावाचे मोठे कपाशीवाले होते. मी अनुदान, हमी, हप्ते सगळं क्रमानं सांगितलं. ते मध्येच म्हणाले, "आमचं पाणी लय खारं हाय हो, ताई." 'हो ना,' म्हणत मी पुढच्या मुद्द्यावर. ते पुन्हा तेच म्हणाले, मी पुन्हा पुढे. शेवटी ते उठले. "पाहू पुढच्या साली."

मी चाचांकडे पाहिलं. लवंग या गालातून त्या गालात गेली, बस.

चहाच्या टपरीवर माझा बांध फुटला. "चाचा, तुम्ही एक वाक्य बोलला असता तर माझी नोकरी वाचली असती!"

चाचांनी लवंग थुंकली. "वाचली असती. मंग उद्या कोण वाचवन? मी काय रोज तुह्या मागं बसून येऊ?" त्यांनी कप उचलला. "सांग, तुले काय ऐकू आलं?"

मला फक्त माझंच बोलणं आठवत होतं. ते बाजूला सारून म्हटलं, "पाणी खारं आहे म्हणाले. दोनदा."

"मंग?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. खाऱ्या पाण्यातल्या क्षारांनी नळीची छिद्रं बुजतात. दादाराव भाव करत नव्हते, भीती सांगत होते.

चाचांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. "पोरगी आज ऐकायले शिकून राह्यली, साहेब. अन् तुम्ही आजच काढता काऊन? आठ दिवस थांबा."

तिसऱ्या दिवशी मी एकटीच दादारावांकडे गेले. आधी पाणी तपासू, नळ्या अधूनमधून आम्लानं धुवाव्या लागतील, तो व्याप कायमचा राहील, असं सरळ सांगितलं. "हे त्या दिवशीच काऊन नाही सांगतलं?" दादाराव म्हणाले. पण संच घेतला. नोकरी पक्की झाली.

पुढे शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. निवृत्तीच्या आधी चाचा माझ्यासोबत एकदा धामणगाव बढ्याला आले. नवी मुलगी ओट्यावर बसून भराभर बोलत होती. घरच्या बाई काही सांगू पाहत होत्या आणि तिला ते ऐकूच जात नव्हतं. मला राहवेना. तोंड उघडणार, तोच शेजारून चाचांचा हात आला. तळव्यावर लवंग.

मी ती दाताखाली धरली. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. त्या मुलीचा सौदा समोर मोडत होता आणि मला बोलता येत नव्हतं. दादारावांच्या अंगणात माझी नोकरी जात असताना चाचा हीच चावत बसले होते.