बाकड्यावर तो कधी बसला नाही

फोन आला तेव्हा मी औंढ्याच्या बस स्टँडवर पत्रकं वाटत होतो. पलीकडे आबा होते, गंगाधरचे वडील. आबा फोनवर सहसा बोलत नसत. कुणीतरी नंबर लावून दिला होता आणि लांबच्या मेंढराला हाक मारावी तसे ते मोठ्यानं बोलत होते. "तू जवळ्याला ये. गंगाधरला नांदेडच्या दवाखान्यातनं आणून राहिलेत." मी विचारलं, "बरा झाला का?" मागं कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. मग तेवढ्याच मोठ्या आवाजात ते पुन्हा म्हणाले, "आणून राहिलेत. तू ये."

गंगाधर सत्तावीस वर्षांचा होता. जवळा बाजार या गावात पत्र्याच्या शेडमध्ये त्याची व्यायामशाळा होती आणि भिंतीवर पुण्याहून मिळवलेलं फिटनेस ट्रेनरचं प्रमाणपत्र होतं. आमच्या भागात असं प्रमाणपत्र असलेला दुसरा माणूस तरी मला माहीत नव्हता. तो अपेंडिक्स फुटून गेला. पोटात विष पसरेपर्यंत त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी आबांना विचारलं म्हणे, "याला दुखत नव्हतं का इतके दिवस?" आबा म्हणाले, "काही बोलला न्हाई." हे वाक्य मला गेले कित्येक आठवडे सोडत नाही. कारण गंगाधरनं आयुष्यात एकच काम केलं होतं. लोकांना 'दुखतं' म्हणायला लावायचं काम.

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी आम्ही दोघं बारावीत होतो. माझे वडील शेतमजुरांच्या संघटनेत, त्यामुळे आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. त्याच्या घरी मेंढरं. आबा पहाटे गावच्या तालमीत पोरं खेळवायचे आणि दिवसभर मेंढरांमागं असायचे. तालमीतही ते वस्तादच होते आणि रानातही. त्यांच्या तालमीचा एक रिवाज होता. कुस्तीच्या हौद्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावायचा आणि तिथून पुढं अंगाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. खांदा निखळू दे, बोट मुडपू दे, बोलायचं नाही. कुणी कण्हलं तर आबा म्हणायचे, "माती ऐकून राहिली रे." पोरं गप्प व्हायची. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गावात सगळीकडे हेच शिकवतात. बाईला बाळंतपणात शिकवतात, मजुराला रोजगार हमीच्या खडीवर शिकवतात. मी ते पत्रकांतून वाचलं होतं आणि तरी तालमीत गेलो की मीही दात आवळून गप्प बसायचो.

पुढं पोलीस भरती निघाली. गंगाधर डांबरी रस्त्यावर अनवाणी पळायचा, हट्टा गावाच्या बाजूला. महिनाभर त्याची नडगी दुखत होती. सांगितलं कुणालाच नाही. मला पोरांनी सांगितलं की तो भरतीच्या मैदानावर शेवटच्या फेरीत असा खाली बसला, जणू कुणी पाय काढून घेतला. हाडाला बारीक चीर गेली होती, ती तिथं पुरी तुटली. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर प्लास्टरमधला पाय बघत बसला होता. म्हणाला, "आबाला मेंढराचा लंगडा पाय शंभर मेंढरातनं दिसतो. सांजेला कळप येतो ना, नुसतं उभं राहून बघतात. खूर वर करून काटा काढतात. कोणत्या मेंढीला म्हणत न्हाईत, तू नाटक करून राहिलीस." मग म्हणाला, "मी काहून बोललो न्हाई रे?" त्याच्या आयुष्याचा सगळा प्रश्न तो हाच होता, असं आता वाटतं. उत्तर शोधायलाच तो निघाला.

पाय बरा झाल्यावर एका नातेवाइकाच्या ओळखीनं पुण्याला गेला आणि एका जिममध्ये फरशा पुसायला लागला. सुट्टीत आला की तिथल्या गमती सांगायचा. यंत्रावर जागच्या जागी पळणारी माणसं, आरशासमोर स्वतःच्याच दंडाशी बोलणारी माणसं. पण एक गोष्ट सांगताना तो हसायचा नाही. तिथला ट्रेनर नव्या माणसाला वजनाला हात लावू देत नसे. आधी खुर्चीवर बसवायचा आणि विचारायचा, पूर्वी कुठं दुखलं होतं, आता कुठं दुखतं, ऑपरेशन झालंय का, छातीत कधी भरून आलं का. "एक बाई सांगायला लागली तर थांबेचना," गंगाधर म्हणाला. "पाठ, मग गुडघे, मग सासू. मी फडकं घेऊन तसाच उभा. मालकानं दोनदा हाक मारली, मला ऐकूच आली न्हाई."

तेव्हा त्यानं ठरवलं की हेच शिकायचं. अभ्यासक्रम इंग्रजीत. स्नायूंची नावं तो मेंढरांवर घोकायचा. सुट्टीत आला की कळपात बसून मेंढीच्या मांडीवर बोट ठेवून नाव म्हणायचा आणि आबा लांबून ओरडायचे, "तिला शाळंत घालून राहिला का?" पहिल्या वेळी तो नापास झाला. आणि कशात नापास झाला, तर लेखी परीक्षेत नाही. प्रात्यक्षिकाला त्याच्यासमोर एक माणूस उभा केला होता, याला व्यायाम सुरू करून दे म्हणून. गंगाधरनं त्याला थेट बैठका काढायला लावल्या. विचारलंच नाही काही. ज्या प्रश्नासाठी तो पुण्यात राहिला होता, तोच विसरला. "हात आपोआप खाली गेला रे, मातीला लावायला," तो मला म्हणाला, "तिथं तर नुसती फरशी. अन् कपाळाला लावला की तोंड बंद." तो हसला, पण त्या हसण्यात तालमीची भीती होती, हे मला कळलं. माझ्या मते आपल्या समाजाची खरी पकड अशीच असते. ती डोक्यात नसते. हातात असते, गुडघ्यात असते. आम्ही पत्रकं काढणारे तिला डोक्यात शोधत बसतो.

दुसऱ्या वेळी तो पास झाला आणि सगळ्यांनी सांगूनही पुण्यात राहिला नाही. जवळ्याला शेड घेतलं. दाराबाहेर चहाच्या टपरीतून आणलेलं एक जुनं लाकडी बाकडं ठेवलं. नियम एकच. नवा असो, जुना असो, आत जाण्याआधी बाकड्यावर बसायचं आणि काय दुखतं ते सांगायचं. पोरांनी त्या बाकड्याला 'कोर्ट' नाव ठेवलं. "चल बे, कोर्टात तारीख हाय तुझी." सुरुवातीला सगळी पोरं एकच साक्ष द्यायची, काही न्हाई, काही न्हाई. मग त्यानं युक्ती काढली. पोराला समोरच्या लिंबापर्यंत चालत जायला सांगायचा आणि परत येताना बघायचा, आबा कळपाकडे बघतात तसं. "उजव्या पायावर भार कमी देऊन राहिलास तू. आता बोल." पोरगं खाली बघायचं. मग हळूच बोलायचं. बाजारच्या दिवशी गाठोडी घेऊन आलेल्या बाया सावलीला त्या बाकड्यावर टेकायच्या, त्यांनाही तो विचारायचा. एक म्हातारी म्हणाली होती, "लेकरा, असं तर माझ्या नवऱ्यानं बी कधी इचारलं न्हाई." आणि मग कंबरेबद्दल बोलता बोलता तिची सिद्धेश्वरला परतायची गाडी चुकली.

आबांना हे पटत नव्हतं. त्यांच्या तालमीतली पोरं शेडकडे वळत होती, हे एक. त्याहून मोठं म्हणजे हा पोरांना नाजूक करतो, असं त्यांना वाटायचं. "पुण्याच्या कागदावर रडायला शिकवतेत व्हय?" ते चारचौघांत म्हणायचे. गंगाधर उलटून बोलायचा नाही. भरती जवळ आली की तो दुखऱ्या पायाच्या पोरांना पळू देत नसे, घरी बसवायचा. आईबाप भांडायला यायचे. काही पोरं सूज उतरवायचं इंजेक्शन टोचून दुसरीकडे पळायला जायची. मी त्याला म्हणायचो, याच्यावर पत्रक काढू, सभा घेऊ, पोरांच्या हाडांवर भरती करणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारू. तो म्हणायचा, "तुझं पत्रक वरडतं. वरडल्यावर माणूस गप्प होतो. मला त्याला बोलतं करायचंय." मी चिडायचो. अजूनही मला वाटतं की ओरडणंही लागतं. पण त्याचं म्हणणं मी खोडून काढू शकलो नाही.

शेवटची भेट त्या शेडमध्येच झाली. संध्याकाळची वेळ होती, पोरं जोर काढत होती आणि तो उजव्या कुशीला हात धरून उभा होता. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. मी म्हणालो, "काय रे?" म्हणाला, "ताणलंय थोडं." मी म्हणालो, "मग बस ना कोर्टात, मी विचारतो." तो हसला. "न्यायाधीश बसत असतो व्हय आरोपीच्या जागेवर?" पोरंही हसली. मग तो वळून एका पोराच्या कोपराचा कोन नीट करायला वाकला आणि वाकताना क्षणभर तसाच थांबला... आता आठवतं, तो थांबला तेव्हा त्याचा मोकळा हात जमिनीला टेकला होता.

त्याच्यामागं जे बोललं गेलं त्यानं मी अजून पेटलेला आहे. वजन उचलून उचलून आतडं तुटलं, अशी अफवा पसरली. पुण्याची विद्या अंगावर आली, असंही म्हणाले. पोरं यायची बंद झाली, शेडला कुलूप लागलं. मी सांगत सुटलो की व्यायामानं अपेंडिक्स फुटत नाही, वेळेवर सांगितलं असतं तर साधं ऑपरेशन होतं. लोक मान हलवायचे आणि पुढं म्हणायचे, "पण गडी मोठा सोशिक, मरेस्तोवर हूं का चूं केलं न्हाई." कौतुकानं म्हणायचे. ज्या गोष्टीनं त्याला मारलं, तिचाच हार त्याच्या फोटोला घातला. मी हे लिहायला घेतलं ते त्या हाराच्या विरोधात. सोशिक हा शब्द आपण निदान त्याच्यापुरता तरी वापरू नये. तो सोशिक नव्हता. त्यानं दुसऱ्यांना त्यातून बाहेर काढलं आणि स्वतःला काढायचं राहून गेलं.

परवा जवळ्याला गेलो होतो. शेडला कुलूप, बाकडं मात्र बाहेर तसंच. मी बसलो. दिवस कलताना आबा मेंढरं घेऊन आले. लिंबाजवळ काठी टेकून उभे राहिले आणि समोरून जाणाऱ्या एकेका मेंढरावर नजर ठेवत राहिले. एकीला काठीच्या आकड्यानं ओढून घेतलं, खूर वर केला, काटा काढला, सोडून दिली. मग बाकड्यापाशी आले आणि माझ्याशेजारी बसले. बसताना हात गुडघ्यावर दाबून बसले. कळप पुढं जाऊन थांबला होता.

मी विचारलं, "आबा, कुठं दुखतं?"

"काही न्हाई."

एक मेंढी मागं वळून ओरडली. आबा उठायला गेले, अर्धवट उठले आणि परत बसले. कुलपाकडे बघत म्हणाले, "डावा गुडघा. लई वर्षं झाली."

मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत राहिले, वाट बघत. आता पुढं काय विचारायचं असतं, ते मला येत नव्हतं. ते त्याला येत होतं.